वाचकांचे प्रश्न : पिकअपला चाक केवढं, टायर कुठला?

या खेपेला पिकअपवाल्यांची पत्रं एकत्र घेतली आहेत. सगळ्यांचा प्रश्न फिरून फिरून एकच: इंजिनाची ताकद आहे, आता चाकं केवढी घालू? दुकानात बहुतेक वेळा आधी रिम डोळ्यात भरते आणि मग तिच्यावर बसेल तो टायर शोधला जातो. आम्ही क्रम उलटा लावतो. आधी भार, मग टायरचा व्यास, मग रुंदी, आणि रिम सगळ्यात शेवटी.

प्रश्न : माझ्याकडे इसुझू व्ही-क्रॉस आहे, टायर २५५/६० आर १८. इंजिनाचं ट्यूनिंग करून घेतलं, गाडी छान पळते. आता २० इंची अलॉय घालायचे आहेत. दुकानदार म्हणतो, २७५/५० आर २० बिनधास्त बसतो. महिन्यातून दोनदा अणुस्कुरा घाटाने राजापूरला जाणं असतं. हौदा कधी रिकामा, कधी काजूच्या पोत्यांनी भरलेला. घालू का? – कोल्हापूर

उत्तर : दुकानदार खोटं बोलत नाही, पण अर्धंच बोलतो. आधी गणित करू. २५५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, ६० म्हणजे त्या रुंदीच्या साठ टक्के उंचीची बाजूची भिंत. २५५ × ०.६० = १५३. वर-खाली दोन भिंती मिळून ३०६. त्यात १८ इंची रिमचे ४५७ मिळवले की व्यास ७६३ मिमी. आता २७५/५० आर २० : भिंत १३७.५, दोन्ही मिळून २७५, रिमचे ५०८, एकूण ७८३. म्हणजे चाक २० मिमी मोठं, २.६ टक्के. काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी खरी १०२.६ ने पळत असेल. 'तीन टक्क्यांच्या आत असेल तर चालतं' हा दुकानांतला ठोकताळा इथे पाळला गेलाय.

पण ठोकताळा फक्त व्यासाबद्दल बोलतो. भाराचं काय? टायरच्या बाजूवर साईजनंतर एक आकडा आणि एक अक्षर असतं, उदाहरणार्थ ११२एच. ११२ हा भाराचा निर्देशांक, म्हणजे एका टायरला ११२० किलो. एच म्हणजे ताशी २१० किमी. १०५ म्हणजे ९२५ किलो, १०७ म्हणजे ९७५, ११० म्हणजे १०६०. मागच्या ॲक्सलचा कमाल भार मॅन्युअलमध्ये किंवा दरवाजाच्या खांबावरच्या पाटीवर पाहा आणि निम्मा करा. तो १८५० किलो असेल तर एका टायरवर ९२५ येतात, म्हणजे १०५ हा निर्देशांक अगदी काठावरचा. कंपनीच्या टायरवर जो आकडा आहे त्याच्या खाली कधीच उतरू नका. २० इंची टायर घेताना इथेच फसगत होते. उदाहरणार्थ, २६५/५० आर २० साध्या बांधणीत १०७ चा येतो आणि एक्स्ट्रा लोड बांधणीत १११ चा. दुकानात टायर रचून ठेवले की साईज वाचली जाते, त्यापुढचे तीन आकडे कुणी वाचत नाही.

दुसरी गोष्ट भिंतीची. १५३ मिमीची भिंत १३७ वर आली. अणुस्कुऱ्याच्या वळणावर पावसाने खोदलेल्या खड्ड्याची धार लागली की भिंत दुमडते आणि खड्ड्याची कड व रिमची कड यांच्यात चिरडली जाते. आतले धागे तुटतात आणि दुसऱ्या दिवशी बाजूला सुपारीएवढा फुगा दिसतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, टाकावाच लागतो. आणि २० इंची पिकअप टायर राजापुरात रविवारी संध्याकाळी मिळणं कठीण.

तिसरी गोष्ट वजन, जी पत्रात कुणीच विचारत नाही. मूळ चाक टायरसकट घरच्या वजनकाट्यावर ठेवा, मग दुकानातलं नवं चाक तसंच तोलून मागा. २० इंची ओतीव अलॉय आणि त्यावरचा टायर मिळून चाकामागे चार-पाच किलो जास्त भरले तर नवल नाही. हे वजन स्प्रिंगच्या खालचं, शिवाय चाकाच्या कडेला साचलेलं. ते फिरवायला इंजिनाची ताकद जाते, थांबवायला ब्रेक जास्त तापतात, आणि खड्ड्यात शॉकअब्झॉर्बरला चाक आवरत नाही. ट्यूनिंगचे पैसे रिममध्ये मुरतात, दुसरं काय.

आमची शिफारस दोनपैकी एक. सध्याच्या रिमच्या आतल्या बाजूला तिची रुंदी ओतलेली असते. ७.५जे (म्हणजे ७.५ इंच रुंद) किंवा जास्त असेल तर त्याच रिमवर २६५/६० आर १८ घ्या. व्यास ७७५, फरक १.६ टक्के, रिमचा खर्च शून्य. रिम ७जे असेल तर २५५ वरच राहा. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात, रस्त्याला टेकणारा पट्टा मधोमध फुगतो, मधलीच नक्षी झिजते आणि वळणात गाडी डुलते. मोजले त्या रुंदीचे पैसे, पण रस्त्याला टेकते कमीच.

दुसरा पर्याय ऐकून मित्र हसतील: रिम लहान करा. २६५/६५ आर १७, व्यास ७७६, भिंत १७२ मिमी, रिम ७.५ किंवा ८ इंच रुंद. ही साईज टोयोटा हायलक्सच्या एका व्हेरिएंटला मूळचीच येते, त्यामुळे टायर सहज मिळतात. २०१६ च्या व्ही-क्रॉसला १६ इंची चाकंच होती, म्हणजे १७ इंचीत ब्रेकला जागा मिळायला हवी. तरी एक रिम पुढच्या हबवर (चाक बोल्टने बसतं त्या मधल्या भागावर) चढवून, हाताने फिरवून, ब्रेकच्या कॅलिपरपासून किमान ३ मिमी फट आहे का ते बघितल्याशिवाय चारचे पैसे देऊ नका. चिकटवायची शिशाची वजनं नेमकी तिथेच घासतात.

नक्षीबद्दल एकच. डांबरावर जोरात चालवायची गाडी असेल तर एचटी (हायवेचा टायर) घ्या. एटीचे (सगळ्या रस्त्यांच्या टायरचे) मोठे ठोकळे कोरड्या वळणात मुरडतात, आणि एमटी (चिखलाचा टायर) पावसात घाट उतरताना थांबायला जास्त अंतर घेतो. नक्षीच्या खाचांतली झिजेची खूण १.६ मिमीवर असते. सह्याद्रीच्या पावसात आम्ही ३ मिमीलाच टायर बदला म्हणू.

प्रश्न : हायलक्सला ९ इंच रुंद, ईटी २० च्या रिमा घातल्या. टायर मात्र मूळ साईजचेच, २६५/६० आर १८. पूर्ण स्टिअरिंग कापलं की मागच्या बाजूला घासतं, आणि खड्ड्यात स्टिअरिंग हाताला झटका देतं. टायर तेच असताना हे कसं? – पुणे

उत्तर : टायर तेच आहेत, पण जागा बदलली. ईटी म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारा पृष्ठभाग किती बाहेर आहे, ते मिलिमीटरमध्ये. आकडा कमी तितकं चाक बाहेर. हायलक्सची मूळ रिम ७.५जे, ईटी ३०. रुंदी १९०.५ मिमी, निम्मी ९५. बाहेरच्या बाजूला ९५ वजा ३० म्हणजे ६५, आतल्या बाजूला ९५ अधिक ३० म्हणजे १२५. नवी रिम ९जे, म्हणजे २२८.६ मिमी, निम्मी ११४. बाहेर ११४ वजा २० म्हणजे ९४, आत ११४ अधिक २० म्हणजे १३४. चाकाची बाहेरची कड २९ मिमी बाहेर गेली आणि आतली ९ मिमी आत.

२९ मिमी म्हणजे दोन बोटं. चाक वळतं ते हबच्या पुढे-मागे कमान आखत. ते बाहेर सरकलं की कमानीची त्रिज्या वाढते आणि टायरची मागची कड मडफ्लॅपला किंवा केबिन बसवलेल्या माउंटला जाऊन भिडते. झटक्याचं कारणही तेच. स्टिअरिंग ज्या कल्पित रेषेभोवती फिरतं तिच्यापासून टायरचा मध्य लांब गेला, त्यामुळे खड्ड्याचा प्रत्येक धक्का लांब दांड्याने मारल्यासारखा स्टिअरिंगवर येतो. एक चाक डबक्यात आणि एक कोरड्यावर असताना ब्रेक मारला तर गाडी ओढेल, तेही सांभाळा. हबच्या बेअरिंगवरचा ताण वाढला तो वेगळाच.

बदलून मिळत असतील तर ८.५जे, ईटी ३० घ्या. दोन्ही बाजूंना फक्त १२.७ मिमी वाढतात. स्पेसर विकायला कुणी आलं तर ध्यानात ठेवा, २५ मिमीचा स्पेसर म्हणजे ईटीमधून २५ वजा.

कुठे घासतंय ते डोळ्यांनी पकडायचं असेल तर मुलांच्या खेळण्यातली क्ले आणा. लिंबाएवढे गोळे करून आतल्या प्लास्टिकला, केबिन माउंटला आणि वरच्या कंट्रोल आर्मच्या टोकाशी चिकटवा. एक पुढचं चाक रॅम्पवर किंवा पायरीवर चढवा म्हणजे सस्पेन्शन दबेल, आणि स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवा. मग गाडी उतरवून गोळ्यांची उरलेली जाडी पट्टीने मोजा. १० मिमीपेक्षा कमी उरली असेल तर भरल्या गाडीने तिथे घासणारच. प्लास्टिक कापून, गरम करून मागे दाबून काम भागतं. कंट्रोल आर्मच्या बाजूला मात्र कापाकापीला जागाच नाही, तिथे रिमच बदलावी लागते.

प्रश्न : ओळखीच्यांच्या फॉर्च्युनरचे अलॉय स्वस्तात मिळतायत. व्ही-क्रॉसला बसतील का? दोन्हीला सहा बोल्ट आहेत. – चिपळूण

उत्तर : बोल्ट जुळतात, ६ × १३९.७, म्हणजे सहा बोल्ट १३९.७ मिमी व्यासाच्या वर्तुळावर. मधलं भोक जुळत नाही. टोयोटाचं १०६.१ मिमी, इसुझूचा हब १०० च्या आसपास. रिम चढेल, पण हबवर टेकणार नाही, फक्त स्टडवर लटकेल. नट आवळताना ती अर्धा मिलिमीटर जरी एका अंगाला बसली तर ८०–९० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं, आणि कितीही बॅलन्सिंग केलं तरी जात नाही, कारण बॅलन्सिंगच्या मशिनवर चाक मधोमध धरलेलं असतं. हबचा व्यास व्हर्निअरने मोजा आणि त्या मापाच्या हब रिंगा करून घ्या, शक्यतो ॲल्युमिनियमच्या. नटाची बैठकही बघा. काही अलॉयना शंकूचा नट लागतो, काहींना सपाट वॉशरचा. शंकूच्या बैठकीत सपाट नट आवळला तर आवळल्यासारखा वाटतो आणि दोनशे किलोमीटरमध्ये सैल होतो. नट शेवटी टॉर्क पान्यानेच (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या) आवळा, नुसत्या न्युमॅटिक गनने नको, आणि ५०–१०० किमीनंतर पुन्हा तपासा. उलट प्रकार, म्हणजे इसुझूची रिम टोयोटाला, होणारच नाही. भोक लहान पडतं.

प्रश्न : इकडे फोर्ड एफ-१५० घेतली आहे. एकेरी केबिन, ५ लिटर व्ही८, मागच्या चाकांवर चालणारी. खाली बसवून रस्त्यावरची परफॉर्मन्स ट्रक करायची आहे. पुढे २२ × ९ इंच (व्यास × रुंदी), मागे २२ × १०.५ आणि रुंद टायर असा बेत आहे. जवळ शेव्हरोले सिल्व्हराडो पिकअपच्या जुन्या रिमाही स्वस्त मिळतात. – ह्यूस्टन

उत्तर : सिल्व्हराडोच्या रिमा लगेच विसरा. त्यांचे बोल्ट ६ × १३९.७ वर, एफ-१५० चे ६ × १३५ वर. फरक पाच मिलिमीटरहून कमी आहे, म्हणूनच तो धोक्याचा. शेजारी ठेवल्या तर दोन्ही सारख्याच दिसतात. मधलं भोक ८७.१ मिमी लागतं, स्टड एम१४ × १.५, टॉर्क १५० पाउंड-फूट म्हणजे २०४ न्यूटन-मीटर.

पुढे अरुंद, मागे रुंद हा बेत स्पोर्ट्स कारवरून आलाय. पिकअपसाठी फोर्डनेच काय केलं होतं ते बघा. १९९९ ते २००४ ची एसव्हीटी लाइटनिंग, सुपरचार्जर लावलेला ५.४ लिटर व्ही८ : चारही चाकं १८ × ९.५, चारही टायर २९५/४५ आर १८. डॉजने रॅम एसआरटी-१० पिकअपमध्ये आपल्या व्हायपर स्पोर्ट्स कारचं ८.३ लिटर, ५०० अश्वशक्तीचं व्ही१० बसवलं, आणि तिलाही चारी बाजूंनी २२ × १०, ३०५/४० आर २२. रिकाम्या पिकअपचं निम्म्याहून जास्त वजन पुढच्या चाकांवर असतं. वळणाचा आणि ब्रेकचा बराचसा बोजा तिथेच पडतो. पुढचे टायर बारीक केलेत तर गाडी वळणात बाहेर सरकत जाईल. शिवाय चारही सारखे नसले की पुढचे-मागचे अदलाबदल करता येत नाहीत, आणि मागची जोडी लवकर संपते.

मग मागची चाकं जागच्या जागी फिरतात त्यावर उपाय काय? रबराची जात आणि उंच भिंत. ड्रॅग रेसवाले मागे मुद्दाम १७ इंची किंवा त्याहून लहान रिम आणि उंच भिंतीचा टायर घालतात. सुटताना भिंतीला सुरकुत्या पडतात, पट्टा लांबून रस्त्याला टेकतो आणि धक्का भिंतीत जिरतो. २२ इंचीत सुरकुती पडायला भिंतच नसते.

तुमच्यासाठी आम्ही चारही २० × ९, ईटी ३८ सुचवू. फोर्डची स्वतःची २० इंची रिम ८.५जे, ईटी ४४ असते. तिच्या तुलनेत आतली कड जवळजवळ तिथेच राहते आणि बाहेरची १२ मिमी बाहेर जाते. त्यावर २८५/५० आर २०, व्यास ७९३. खालच्या व्हेरिएंटच्या २६५/७० आर १७ चा व्यास ८०३ आहे, म्हणजे सव्वा टक्का लहान, आणि तेवढंच सुटायला सोपं. गाडी खाली बसवल्यावर मागे ॲक्सल आणि बंप स्टॉप (ॲक्सल वर आदळू नये म्हणून बसवलेला रबरी ठोकळा) यांच्यात किती फट उरली ते आधी मोजा. ती दोन इंचांखाली गेली तर टायर कुठलाही असो, खड्ड्यात मागचं ढुंगण उडणारच.

प्रश्न : आमचा बेत उलटा आहे. एफ-१५० ४×४, २७५/६५ आर १८, ॲक्सलचं प्रमाण ३.५५. रॅप्टरचे (एफ-१५० च्याच ऑफ-रोड अवताराचे) ३१५/७० आर १७ टायर घालायचे. बर्फातही चालवायची आहे. – न्यू जर्सी

उत्तर : व्यास ८१५ वरून ८७३ वर, म्हणजे ७.१ टक्के. गाडी २९ मिमी उंच होईल. काटा १०० दाखवेल तेव्हा वेग १०७ असेल, म्हणून कॉम्प्युटरमध्ये परीघ २५५९ ऐवजी २७४२ मिमी भरून घ्या, नाहीतर गिअर चुकीच्या वेळी पडतील. ॲक्सलचं प्रमाण म्हणजे चाकाच्या एका फेरीमागे शाफ्टच्या किती फेऱ्या; मोठ्या चाकामुळे ३.५५ चं प्रमाण ३.३१ असल्यासारखं वागेल. चढावर आणि ट्रेलर ओढताना ते लगेच कळतं. ३.७३ चे गिअर घातले तरी ३.४८ च होतात. रॅप्टरचं शरीर कमानींजवळ मुळातच रुंद आहे, साध्या एफ-१५० ला उंची वाढवून कमानी छाटाव्या लागतील. आम्हाला विचाराल तर हा टायर रॅप्टरलाच शोभतो. बर्फासाठी टायरच्या बाजूवर डोंगराच्या तीन शिखरांत हिमकण अशी खूण शोधा. नुसतं एम+एस (चिखल आणि बर्फ) लिहिलेलं पुरेसं नाही.

प्रश्न : टायर बदलले, आता हवा किती भरू? पाटीवर ३२ लिहिलंय, पंक्चरवाला ४० भरा म्हणतो. – नाशिक

उत्तर : पाटीवरचा आकडा मूळ टायरसाठी आहे. साध्या बांधणीचा टायर त्याच्यावर लिहिलेला भार साधारण ३६ पीएसआयला पेलतो, एक्स्ट्रा लोडचा ४२ ला. म्हणजे दोन्हींवर ११० लिहिलेलं असलं तरी ३२ पीएसआयला साधा टायर साधारण ९६५ किलो उचलेल आणि एक्स्ट्रा लोडचा ८५० च. तुमचा नवा टायर एक्स्ट्रा लोडचा असेल आणि जुना साधा, तर ३७–३८ पासून सुरुवात करा. एलटी (लाइट ट्रक) जातीच्या टायरला याहून बरीच जास्त हवा लागते, त्याचा तक्ता टायर कंपनीकडून मागून घ्या.

मग खडू घ्या. सकाळी, टायर थंड असताना, पट्ट्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत जाड रेघ ओढा आणि सपाट कोरड्या रस्त्यावर सरळ शंभर मीटर चालवा. खडू मधेच पुसला गेला तर हवा जास्त, दोन्ही कडांनाच पुसला गेला तर कमी. दोन-दोन पीएसआय कमी-जास्त करत जा. भारासाठी लागणारी हवा मात्र खडू काहीही सांगत असला तरी कमी करायची नाही. हौदा भरणार असाल त्या दिवशी मागे कंपनीने भरलेल्या गाडीसाठी सांगितलेली जास्तीची हवा घालायचीच.

प्रश्न : मोठी चाकं घातली तर पोलीस अडवतील का? आणि स्टेपनी जुनीच ठेवली तर चालेल? – म्हापसा

उत्तर : मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं, की कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा नोंदणीतला तपशील वेगळा होईल असा बदल करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे उचलून धरलं. कंपनीने तुमच्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरिएंटला दिलेली साईज ही सगळ्यात निर्धोक वाट. कमानीबाहेर डोकावणारं चाक नजरेत येतं, आणि अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअरही पहिलं तेच बघतो. आयएसआय चिन्ह नसलेले बाहेरचे टायर घेऊ नका.

स्टेपनी : दोन टक्क्यांच्या आतला फरक असेल तर हळू चालवत पंक्चरवाल्यापर्यंत जाता येईल. ४×४ गाडीत ती मागे असताना फोर-व्हील लावायचं नाही. हायलक्स आणि व्ही-क्रॉस दोन्हींत फोर-व्हील लावलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधले जातात, आणि चाकांच्या व्यासातला फरक गिअरपेटीत पीळ होऊन साचतो. पाचवं चाक त्याच साईजचं घ्या, आणि ते हौद्याखालच्या साखळीवर बसतंय ना, ते दुकानातच वर ओढून बघा. रुंद टायर तिथे अडतो आणि मग हौद्यातली जागा खातो.